तीन संघांपासून सुरुवात : महिला क्रिकेट संघटनेची तेहतीस वर्षं

एप्रिल १९७३ मध्ये पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली. नाव राष्ट्रीय, पण संघ आले तीनच : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. देशात तेव्हा मुली क्रिकेट खेळतच नव्हत्या असं नाही. कोट्टायमच्या बेकर मेमोरियल शाळेत ऑस्ट्रेलियाहून आलेल्या अ‍ॅन केलेव्ह या शिक्षिकेने १९१३ सालीच मुलींच्या हाती बॅट दिली होती. मुंबईत आलू बामजी यांचा 'अल्बीज' हा मुलींचा क्लब होता. पण असे प्रयत्न सुटे सुटे होते. एका गावच्या मुलींना दुसऱ्या गावच्या मुली खेळतात याची खबर नसायची. पुण्यात ते तीन संघ आमनेसामने आले आणि महिला क्रिकेटला पहिल्यांदा वेळापत्रक मिळालं. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकाच्या दोन वर्षं आधी. म्हणजे काळाच्या हिशेबात आपण फारसे मागे नव्हतो. मागे होतो ते पैशाच्या, आणि त्याहून जास्त मान्यतेच्या बाबतीत.

ही स्पर्धा भरवली 'विमेन्स क्रिकेट असोसिएशन ऑफ इंडिया' या संस्थेने. १९७३ सालीच तिची नोंदणी लखनौत झाली होती. संस्थापक-सचिव महेंद्रकुमार शर्मा हे सॉफ्टबॉल-हँडबॉलच्या स्पर्धा भरवणारे तरुण कार्यकर्ते. रिक्षात बसून, भोंगा घेऊन ते लखनौच्या गल्ल्यांतून 'मुलींचं क्रिकेट होणार आहे, जरूर या' अशी दवंडी पिटत फिरले. क्वीन्स अँग्लो संस्कृत कॉलेजच्या मैदानावर दोनेकशे जण जमले. पहिल्या अध्यक्षा झाल्या बेगम हमीदा हबीबुल्लाह. पुण्याच्या स्पर्धेनंतर कार्यकारिणी नीट बांधली गेली, आणि तिच्या धुरीणांत चंद्रा त्रिपाठी यांच्या जोडीला आपल्या कराडच्या प्रेमलाबाई चव्हाण आल्या. राजकारणातल्या, दिल्लीत वजन असलेल्या बाईंनी मुलींच्या क्रिकेटमागे उभं राहणं याला त्या काळी मोठा अर्थ होता. ज्यांच्या घरून परवानगी मिळत नव्हती अशा मुलींच्या आईवडिलांना 'बघा, एवढ्या मोठ्या घरच्या बाई यात आहेत' असं सांगता येत होतं.

पण खेळाडू आणायच्या कुठून? मुलींसाठी क्रिकेटच्या शाळा नव्हत्या, प्रशिक्षक नव्हते. त्या आल्या दुसऱ्या खेळांतून. सॉफ्टबॉल, हॉकी, बास्केटबॉल या खेळांत मुलींच्या शालेय आणि आंतरशालेय स्पर्धा रुळलेल्या होत्या, तिथली धावण्याची, झेल टिपण्याची, चेंडू लांब फेकण्याची तयारी घेऊन मुली क्रिकेटच्या मैदानावर आल्या. भारताच्या पहिल्या कसोटी कर्णधार शांता रंगास्वामी सॉफ्टबॉल खेळणाऱ्या. मुंबईच्या डायना एडलजी ज्युनियर राष्ट्रीय पातळीवर बास्केटबॉल आणि टेबल टेनिस खेळत होत्या. लाला अमरनाथ यांच्या शिबिरात त्या क्रिकेट शिकल्या आणि देशाच्या अव्वल डावखुऱ्या फिरकी गोलंदाज झाल्या. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बास्केटबॉलसारख्या खेळांनी आधीच्या दहा-वीस वर्षांत मुलींना मैदानावर उभं राहण्याची सवय लावली नसती, चारचौघांत धावण्याचा संकोच मोडला नसता, तर १९७३ साली क्रिकेटची हाक ऐकायलाही कुणी नसतं. शाळेतल्या ज्या पी.टी.च्या बाईंनी दुपारच्या उन्हात मुलींकडून पासिंगचा सराव करून घेतला, त्यांचंही श्रेय या इतिहासात मांडायला हवं.

दुसरी राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षाच्या अखेरीस वाराणसीला झाली. संघ आठ झाले. तिसरी कलकत्त्याला, तिथे चौदा. दोन वर्षांच्या आत तीनाचे चौदा. त्यानंतर बहुतेक सगळी राज्यं आली.

वाराणसी म्हटलं की आम्हा बऱ्हाणपूरकरांच्या डोळ्यांसमोर रेल्वेचा रूळ येतो. मुंबईहून काशीला जाणारी गाडी भुसावळ सोडते, तापी ओलांडते, बऱ्हाणपूर, खंडवा करत इटारसीकडे वळते. राष्ट्रीय स्पर्धेला निघालेल्या मुंबई-महाराष्ट्राच्या मुली उत्तरेकडे जायच्या त्या बहुधा याच वाटेने, आणि बऱ्याचदा आरक्षण नसलेल्या डब्यातून. छत्तीस-छत्तीस, अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस तासांचे ते प्रवास होते. संघटनेच्या माजी सचिव नूतन गावस्कर यांनी त्या दिवसांबद्दल सांगून ठेवलं आहे. आपापली वळकटी बरोबर न्यायची, पोचल्यावर शाळेच्या नाहीतर वसतिगृहाच्या सिमेंटच्या फरशीवर ती पसरायची. वीस जणींत चार स्वच्छतागृहं. जेवणात मोठ्या प्लास्टिकच्या भांड्यातून वाढलेलं वरण. आणि संघाकडे बॅटी किती? तीन. दोन सलामीच्या दोघींकडे, तिसरी पुढच्या फलंदाजाकडे. सलामीची एक बाद होऊन परतली की चौथ्या क्रमांकाची तिच्याच हातून बॅट घेणार, पॅडही तिचेच बांधणार. ज्यांनी गल्लीत क्रिकेट खेळलंय त्यांना ही पद्धत नवी नाही. पण हे चाललं होतं देशाच्या पहिल्या फळीच्या खेळाडूंमध्ये. बॅटीचं वजन, मुठीची जाडी आपल्या हाताला मानवते का, हा विचार करण्याची सोयच नव्हती. ज्या बॅटीने एकीने डाव उघडला, तिनेच चौथीने तो सावरायचा.

या हालअपेष्टांच्या गोष्टी आज मुलाखतींतून पुष्कळ ऐकू येतात, आणि ऐकणाऱ्याचं मन तिथेच गुंतून पडतं. मला मात्र त्या संघटनेचं खरं मोठेपण वेगळ्या ठिकाणी दिसतं. हातात पैसा नसताना तिने खेळाची शिडी बांधली. १९७४ मध्ये कानपूरला विभागीय संघांची राणी झाशी करंडक स्पर्धा सुरू झाली. पंधरा आणि एकोणीस वर्षांखालील मुलींच्या स्पर्धा राजकोटला झाल्या. विभागातल्या विजेत्यांसाठी इंदिरा प्रियदर्शिनी करंडक आला. म्हणजे शाळकरी मुलगी आधी राज्याच्या संघात, मग विभागाच्या आणि मग देशाच्या संघात कशी पोचेल याचा रस्ता आखला गेला. पैसे नसलेल्या संस्था सहसा एखादी मोठी स्पर्धा गाजवतात आणि दमतात. या संघटनेने वर्षामागून वर्षं त्याच त्या स्पर्धा भरवल्या. वर्तमानपत्रात त्याची दोन ओळींची बातमी यायची, कधी तीही नाही. पण निवड करायला बसलेल्या माणसांसमोर दरवर्षी नव्या मुली असायच्या.

१९७५ साली ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील संघ आला आणि पुणे, दिल्ली, कलकत्ता इथे तीन सामने झाले. तिन्ही सामन्यांना भारताच्या कर्णधार वेगवेगळ्या : पुण्यात उज्ज्वला निकम, मग सुधा शहा, मग श्रीरूपा बोस. पुढच्या वर्षी वेस्ट इंडिजचा संघ आला आणि भारतीय महिलांनी पहिली अधिकृत कसोटी मालिका खेळली. सहा कसोट्या. पहिली बंगळूरला, ३१ ऑक्टोबर १९७६ पासून. त्या मालिकेत पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी या सतरा वर्षांच्या लेगस्पिनरने पदार्पणातच डावात पाच बळी घेतले. सतरा वर्षांची मुलगी, पहिलीच कसोटी, आणि हातात लेगब्रेकसारखी अवघड, फटके खाणारी कला. त्या पुढे एकोणीस कसोट्या खेळल्या, साठ बळी घेतले, देशाचं नेतृत्व केलं आणि १९८५ चा अर्जुन पुरस्कार मिळवला. या संघटनेच्या गोष्टीत त्यांचं नाव पुन्हा एकदा येणार आहे, वेगळ्या कामासाठी.

पाटण्याला नोव्हेंबर १९७६ मध्ये भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. पंचवीस हजारांहून जास्त लोक बघायला आले होते. महिलांचं क्रिकेट बघायला कोण येणार, असा प्रश्न त्यानंतरही तीस-चाळीस वर्षं विचारला जात होता. मालिका १-१ अशी बरोबरीत सुटली. शांता रंगास्वामी यांना त्या वर्षीचा अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला क्रिकेटपटू. दोनच महिन्यांत, जानेवारी १९७७ मध्ये, न्यूझीलंडच्या ड्युनेडिनला त्यांनी भारतीय महिलांचं पहिलं कसोटी शतक काढलं, १०८ धावांचं.

जानेवारी १९७८ मध्ये विश्वचषक भारतात आला. पाच वर्षांपूर्वी तीन संघ जमवताना ओढाताण झालेली संस्था आता विश्वचषकाची यजमान होती. चार देश खेळले. भारताची पहिलीच वेळ, कर्णधार डायना एडलजी. तिन्ही सामने आपण हरलो आणि ऑस्ट्रेलियाने चषक नेला. निकालापेक्षा मला यजमानपदाचं धाडस मोठं वाटतं. कलकत्ता, पाटणा, जमशेदपूर, हैदराबाद या मैदानांवर महिलांचे आंतरराष्ट्रीय सामने होऊ शकतात हे त्या दोन आठवड्यांत सिद्ध झालं.

परदेश दौऱ्यांचं गणित मात्र कधीच सुटलं नाही. खेळाडू पदरचे पैसे घालत, सरकारचं अनुदान वेळेवर येईलच असं नसे. न्यूझीलंडला गेलेल्या संघाकडे हॉटेलचे पैसे नव्हते तेव्हा तिथल्या अनिवासी भारतीय कुटुंबांनी मुलींना घरी ठेवून घेतलं. विमानाच्या तिकिटांसाठी कधी एअर इंडियाने हात दिला. पुढे अभिनेत्री मंदिरा बेदी यांनी एका हिऱ्यांच्या ब्रँडच्या जाहिरातीचं आपलं मानधन संघाच्या इंग्लंडच्या तिकिटांसाठी देऊन टाकलं. परक्या गावात अनोळखी घरी उतरायचं, सकाळी त्याच घरच्या वहिनींनी दिलेला चहा घेऊन देशासाठी मैदानात उतरायचं, हे त्या पिढीने मुकाट्याने केलं.

आता आमच्या मध्य प्रदेशाची गोष्ट, आणि ती सांगताना मी थोडा जास्त रेंगाळणार आहे. संध्या अग्रवाल इंदूरच्या. बऱ्हाणपूरहून इंदूर पावणेदोनशे किलोमीटर; सोयरीक, बाजार, शिक्षण सगळं तिथलंच. होळकरांच्या काळापासून इंदुरात क्रिकेट मुरलेलं. सी. के. नायडूंचं, मुश्ताक अलींचं हे शहर. तिथल्या एका मुलीने जुलै १९८६ मध्ये इंग्लंडच्या वूस्टरच्या मैदानावर १९० धावा केल्या. महिलांच्या कसोटीत तोवरची जगातली सर्वोच्च धावसंख्या होती इंग्लंडच्या बेट्टी स्नोबॉल यांची १८९. संध्याताईंचा डाव नऊ तासांहून जास्त चालला. नऊ तास म्हणजे सकाळी उभं राहिलेलं माणूस दुसऱ्या दिवशीही तिथेच उभं. महिलांच्या क्रिकेटला 'जरा हलकं, जरा सोपं' म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा. इंग्लंडची दमट हवा, हलणारा चेंडू, अंगावर येणारे क्षेत्ररक्षक, आणि आपल्या बाजूला पुढची मालिका कधी होईल याचीही शाश्वती नाही. अशा वेळी तब्येतीने, एकेक चेंडू निरखून खेळत राहायला नुसती ताकद पुरत नाही. त्यांची कारकीर्द तेरा कसोट्यांची. त्यात १,११० धावा, चार शतकं, सरासरी पन्नासच्या वर. त्याच दौऱ्यात लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये कर्णधार डायना एडलजींना बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला. ते मैदान चालवणाऱ्या क्लबाने महिलांना सभासद करून घ्यायला त्यानंतर आणखी बारा वर्षं घेतली.

तेरा कसोट्या हा आकडाही बघण्यासारखा आहे. संध्याताई ऐन भरात असताना, १९८६ च्या त्या दौऱ्यानंतर, भारतीय महिला पुढची कसोटी खेळल्या थेट १९९१ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात. साडेचार वर्षं कोरडी गेली. १९८८ च्या ऑस्ट्रेलियातल्या विश्वचषकालाही आपला संघ गेला नाही. पंचविशीतल्या फलंदाजाची साडेचार वर्षं म्हणजे तिच्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं. संघटनेचा गौरव करताना हा डाग झाकायचं कारण नाही. देशांतर्गत शिडी तिने उत्तम बांधली, पण आंतरराष्ट्रीय दौऱ्यांसाठी कायमचा निधी उभा करणं तिला जमलं नाही, आणि त्याची किंमत मुलींनी मोजली.

त्या काळात तग धरायला मदत झाली ती रेल्वेची. १९८० च्या दशकात, माधवराव शिंदे रेल्वेमंत्री असताना, डायना एडलजींच्या पाठपुराव्यातून रेल्वेने महिला क्रिकेटपटूंना नोकऱ्या द्यायला सुरुवात केली. एअर इंडियानेही संघ उभा केला. नोकरी आली तशी घरातली भाषा बदलली. 'खेळून काय मिळणार?' या प्रश्नाला पगाराचं उत्तर मिळालं. लग्नानंतर खेळ सुटायचा तोही काही जणींचा सुटेनासा झाला. रेल्वेचा संघ पुढे इतका बळकट झाला की राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे अंतिम फेरीत रेल्वेसमोर कोण, एवढाच प्रश्न उरायचा. स्पर्धेच्या दृष्टीने हे बरं नव्हतं, पण मुलींच्या पोटापाण्याच्या दृष्टीने दुसरा मार्गही नव्हता.

नोव्हेंबर १९९५ मध्ये जमशेदपूरच्या कीनन स्टेडियमवर कानपूरच्या नीतू डेव्हिड यांनी इंग्लंडचे एका डावात आठ बळी घेतले, ५३ धावांत. महिला कसोटीतली ही सर्वोत्तम गोलंदाजी. आणि तो सामना भारत दोन धावांनी हरला. दोन वर्षांनी विश्वचषक पुन्हा भारतात आला, भारत उपांत्य फेरीपर्यंत गेला, आणि अंतिम सामना ईडन गार्डन्सवर झाला.

शेवटच्या टप्प्यात संघटनेची सूत्रं आली शुभांगी कुलकर्णींकडे. पदार्पणातच पाच बळी घेणारी ती पुण्याची मुलगी आता सचिव होती. अंजुम चोप्रा, मिताली राज, झूलन गोस्वामी, नीतू डेव्हिड, मुंबईच्या क्रिकेटमधून आलेल्या दीपा मराठे अशी भरलेली पिढी तेव्हा खेळत होती. २००२ मध्ये टाँटनला मितालीने २१४ धावा केल्या तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. २००५ च्या विश्वचषकात भारत पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला आणि सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाकडून ९८ धावांनी हरला. त्या स्पर्धेत खेळाडूंना मिळाले सामन्यामागे हजार रुपये, आठ सामन्यांचे आठ हजार. ही रक्कम मितालीनेच सांगितलेली आहे. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये तिच्या नेतृत्वाखाली आपण कसोटी मालिका जिंकली.

आणि २००६ मध्येच संघटना विसर्जित होऊन महिला क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झालं. जागतिक पातळीवरची महिलांची संघटना वर्षभरापूर्वीच आयसीसीत विलीन झाली होती. हे होणारच होतं आणि व्हायलाच हवं होतं. स्वतः उभी केलेली संस्था, तिची सत्ता, तिची खुर्ची सोडून खेळाडूंना चांगलं मैदान, चांगलं हॉटेल, विमानाचं तिकीट मिळावं म्हणून ती दुसऱ्याच्या हाती सोपवणं सोपं नसतं. आपल्याकडच्या क्रीडा संघटनांचा इतिहास पाहिला तर असं किती जणांनी केलंय ते शोधावं लागेल.

विलीनीकरणाने सुविधा आल्या, पण कसोट्या गेल्या. हे फारसं बोललं जात नाही म्हणून मुद्दाम लिहितो. ऑगस्ट २००६ नंतर भारतीय महिलांनी पुढची कसोटी खेळली ती थेट ऑगस्ट २०१४ मध्ये. आठ वर्षं. त्यानंतर २०१४ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत पुन्हा एकही नाही. ज्या संघटनेकडे हॉटेलचे पैसे नव्हते तिने तीस वर्षांत चौतीस कसोट्या घडवल्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत मंडळाने पहिल्या चौदा वर्षांत दोन. वार्षिक करारही महिलांना २०१५ मध्ये मिळाले. त्यानंतर मात्र चित्र झपाट्याने बदललं : २०१७ चा लॉर्ड्सवरचा अंतिम सामना, २०२२ मध्ये पुरुषांइतकंच सामन्याचं मानधन, २०२३ मध्ये विमेन्स प्रीमियर लीग.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. प्रशिक्षक होते मुंबईचे अमोल मुजुमदार. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करणारी जेमिमा रॉड्रिग्ज मुंबईची, स्पर्धेत ४३४ धावा करणारी स्मृती मानधना सांगलीची, महाराष्ट्राच्या संघातून वर आलेली. २२ बळी घेऊन स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरलेली दीप्ती शर्मा आग्र्याची. मध्य प्रदेशातून छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा या छोट्या गावची क्रांती गौड होती. विजयानंतर कर्णधार हरमनप्रीतने चषक मिताली, झूलन आणि अंजुम यांच्या हातात दिला. तिघीही त्या जुन्या संघटनेच्या काळात देशासाठी खेळू लागलेल्या.

त्यांच्याही आधीच्यांचं काय, हा प्रश्न मला त्या रात्रीपासून सतावतो आहे. डायना एडलजींना २०२३ मध्ये आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली, शांता रंगास्वामींना मंडळाचा जीवनगौरव मिळाला. निवृत्तिवेतन सुरू झालं ते किती कसोट्या खेळल्या या हिशेबाने. पण ज्यांनी पुण्या-वाराणसीच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धा खेळल्या, ज्या १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मुलींविरुद्ध उतरल्या, त्यांचे सामने कसोटीच्या यादीत बसत नाहीत. समोरचा संघ पंचवीस वर्षांखालचा होता म्हणून ते सामने अधिकृत नाहीत, आणि अधिकृत नाहीत म्हणून त्या खेळाडूही हिशेबात नाहीत. मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ आणि मध्य प्रदेश या चारही राज्य संघटनांनी निदान आपापल्या जुन्या खेळाडूंची यादी करावी, त्यांच्या घरी असतील ती स्कोअरबुकं, कात्रणं, छायाचित्रं गोळा करावीत, आणि त्यांच्याशी सविस्तर बोलून ते लिहून ठेवावं. त्यातल्या बहुतेक जणी आता सत्तरीच्या घरात आहेत, आणि कोणत्या स्पर्धेत कोण सलामीला गेलं, कोणाची बॅट कोणी वापरली, हे त्यांना अजून आठवतं.